सुई कुठून उचललीस ते आधी सांग

अल्मोड्याला पोचलास की पहिल्या दिवशी सूक्ष्मदर्शक खोक्यातून बाहेर काढू नकोस. जंगलात जा, एका चीड पाइनच्या झाडाखाली उभा राहा आणि वरपासून खालपर्यंत नीट बघ. शेंड्याला हिरव्यागार सुया, त्यामागे पिवळट पडलेल्या पण अजून फांदी न सोडलेल्या, खालच्या झुडपांत अडकून लोंबणाऱ्या तपकिरी, जमिनीवर ताज्या पडलेल्या, त्यांच्याखाली काळपट आणि मऊ झालेल्या, आणि अगदी तळाशी सुई म्हणावी की माती असा प्रश्न पडेल असा चुरा. झाड एकच, पण या प्रत्येक ठिकाणच्या बुरश्या वेगळ्या. कुठली सुई उचललीस यावर तुझं निम्मं उत्तर ठरतं, उरलेलं निम्मं प्रयोगशाळेत. माझ्याकडची एम.एस्सी.ची मुलं नेमकं उलट करायची. पिशवीतल्या सुया टेबलावर ओतायची आणि विचारायची, ‘मॅडम, ही कोणती बुरशी?’ मी विचारायचे, ‘सुई कुठून उचललीस?’ त्यावर सगळे एकमेकांकडे बघायचे.

आत्या म्हणून सांगते तेवढं ऐक, बाकी तुझे गाइड सांगतीलच.

आधी झाड नक्की कर. ‘पाइन’ एवढं लिहून भागत नाही, कारण यातल्या बऱ्याच बुरश्या झाड बघून राहतात. चीडला एका झुपक्यात तीन सुया, वीतभर ते दीड वीत लांब. वर चढत गेलास की कैल लागेल, त्याच्या झुपक्यात पाच, निळसर आणि खाली लोंबणाऱ्या. युरोपातला स्कॉट्स पाइन, ज्याच्यावर या विषयातलं पायाभूत काम झालं, त्याला दोनच, आणि त्याही जेमतेम बोटाएवढ्या. देवदार तर पाइनच नव्हे. झुपका तुटलेला नसेल असा शोधून सुया मोज आणि तो आकडा पाकिटावर लिही. नाव लिहिताना तू चुकलास तरी आकड्यावरून पुढचा माणूस दुरुस्त करील.

आणि कोकणातल्या तुझ्या मित्रालाही हे सांग, तो दिवेआगरच्या सुरूच्या बनातला पालापाचोळा गोळा करून त्यावर ‘पाइन’ असं लेबल लावायला निघाला होता. सुरूची ‘सुई’ म्हणजे पान नाहीच. ती पेरापेरांची हिरवी डहाळी आहे. हलकेच ओढली की पेराशी सुटते, आणि सांध्यावर भिंगाखाली दातऱ्यांसारखी बारीक पानं दिसतात. सुरूवरच्या बुरश्यांवर काम करण्यासारखं खूप आहे, जरूर कर म्हणावं, पण सुरू म्हणून कर.

सोबत काय न्यायचं? दहापट दाखवणारं भिंग, गळ्यात दोरीला बांधलेलं. खिशात ठेवशील तर पहिल्याच उतारावर हरवेल. टोकदार चिमटा, शिसपेन्सिल, पाण्याची छोटी ड्रॉपरची बाटली आणि भरपूर कागदी पाकिटं. प्लास्टिकची पिशवी नको. ओली सुई प्लास्टिकमध्ये घामेजते आणि संध्याकाळपर्यंत तिच्यावर पेनिसिलियम, म्यूकर असे पाहुणे चढतात. मग तू मुक्कामावर पोचल्यावर जंगलाचा नव्हे, पिशवीचा अभ्यास करतोस. पाकिटावर शाईचं पेन वापरू नकोस, तिथला पाऊस सगळं पुसून टाकतो. बूट खोल खाचांच्या तळव्याचे घे. वाळलेल्या पिरूलवरून, म्हणजे चीडच्या गळलेल्या सुयांवरून, उतारावर पाय कसा सटकतो ते पहाडातल्या गवत आणायला जाणाऱ्या बायकांना विचार. सरळ खाली उतरू नकोस, आडवा आडवा उतर. आणि दिवस मावळायच्या आत माघारी ये, त्या भागात बिबट्या असतो.

पाकिटावर काय लिहायचं ते एकदा ठरवून टाक आणि रोज तसंच लिही: तारीख, जागा, उंची, झाड, झाड केवढं, सुई फांदीवर होती का लोंबत होती का पडलेली, पडलेली असेल तर कितव्या थरातली, आणि फांदी मोडलेली होती का. हे शेवटचं कशाला, ते पुढे सांगते.

आता मुख्य गोष्ट. पडलेली सुई भिंगाखाली धरलीस की तुला बहुधा काळे, चकचकीत, लांबट ठिपके दिसतील, मिलिमीटरभर लांबीचे, सुईच्या लांबीच्या दिशेनेच पसरलेले. प्रत्येकाच्या मधोमध एक बारीक उभी रेघ. ती लोफोडर्मियम. पाइनच्या सुईवर ज्याला कोणाला काम करायचं त्याची पहिली ओळख हिच्याशी होते. कोरडी असताना ती फट मिटलेली असते आणि सगळे ठिपके सारखे दिसतात. म्हणून ती पाण्याची बाटली. दोन थेंब टाक, दहा-पंधरा मिनिटं दुसऱ्या कामाला लाग आणि मग बघ. ठिपका फुगतो, फट उघडते, आतला फिकट थर दिसतो. फटीच्या दोन्ही कडांना ओठ म्हणतात. त्यांचा रंग याच वेळी टिपून ठेव, वाळल्यावर नीट कळत नाही. त्या थरात बारीक पिशव्या उभ्या असतात, प्रत्येकीत आठ बीजाणू, दोऱ्यासारखे, साधारण शंभर मायक्रॉन लांब. पावसात भिजलं की पिशव्या ते बाहेर फेकतात आणि ते वाऱ्यावर जातात. कोरड्या दुपारी जंगल फिरून ‘काही दिसलं नाही’ म्हणू नकोस. पाऊस थांबल्यावर लगेच जा.

ओठांच्या रंगाला इतकं महत्त्व का, ते नीट ऐक, कारण सगळ्या विषयाची कळ इथे आहे. ही बुरशी श्राडरने १७९९ मध्ये नोंदवली. शव्हालियेने १८२६ मध्ये तिला लोफोडर्मियम या प्रजातीत घातलं. तेव्हापासून दीडशे वर्षं पाइनच्या सुईवर असा काळा ठिपका दिसला की लोक डोळे मिटून ‘लोफोडर्मियम पिनास्ट्री’ लिहीत. आणि भांडत. रोपवाटिकावाले म्हणत, ही रोपं मारते, हिवाळा संपता संपता वाफेच्या वाफे तांबडे पडतात. जंगलवाले म्हणत, छे, ही गरीब आहे, म्हाताऱ्या सुयांवर राहते, झाडाचं काही बिघडवत नाही. दोघांकडे पुरावे होते. १९७८ मध्ये मिंटर, स्टॅली आणि मिलर यांनी स्कॉट्स पाइनवरच्या सुया बारकाईने पाहिल्या आणि दाखवून दिलं की ही एक बुरशी नाही, चार आहेत.

पिनास्ट्री ही खरोखर गरीब. तिच्या ठिपक्यांचे ओठ बहुधा तांबूस, ठिपका सुईच्या सालीत अर्धाच बुडलेला, आणि सुईवर आडव्या, बारीक, ठळक काळ्या रेघा. रोपं मारणारी ती लोफोडर्मियम सेडिशिओझम. हिचे ओठ हिरवट-निळसर किंवा करडे, ठिपका सालीखाली पूर्ण दडलेला, आणि आडव्या रेघा नाहीत किंवा क्वचित. तिसरी कोनिजेनम. ती सापडते मोडलेल्या, वाऱ्याने तुटलेल्या फांदीवर जागीच मेलेल्या सुयांवर. म्हणून तुला फांदी मोडलेली होती का ते लिहायला सांगितलं. चौथी पिनी-एक्सेल्सी. ती लाहोरच्या सुलतान अहमद यांनी आपल्या हिमालयातल्या कैलवरून आधीच वर्णन केली होती. म्हणजे बघ, तू जिथे निघालायस तिथलीच एक.

आता यातलं किती चीडला जसंच्या तसं लागू पडतं, ते तू ठरवायचं. युरोपातल्या पुस्तकातली चावी हिमालयातल्या झाडाला लावायची नाही. लावलीस तर पंचाईत अशी की चावी काहीतरी नाव देतेच, ती ‘माहीत नाही’ म्हणत नाही. भारतीय उपखंडातल्या लोफोडर्मियमच्या कुळावर पॉल कॅनन आणि डेव्हिड मिंटर यांचा १९८६ चा ग्रंथ आहे. तो मिळव आणि जाण्याआधी वाच, परत आल्यावर नव्हे.

त्या आडव्या काळ्या रेघांवर जरा रेंगाळ, सुरेख असतात. एका सुईत अनेक ठिकाणी वेगवेगळे बीजाणू रुजतात, त्यांचे तंतू वाढत वाढत एकमेकांना भिडतात, आणि जिथे भिडतात तिथे काळा पडदा उभा राहतो. तो सुईच्या आरपार असतो, नुसता सालीवर नाही. दोन रेघांमधलं जे आहे ते बुरशीचं एक स्वतंत्र बिऱ्हाड. त्यामुळे ‘एक सुई, एक नमुना’ असं मोजशील तर हिशेब कोसळेल. रेघा मोज, आणि बुरशी वेगळी करायची असेल तर दोन रेघांमधला तुकडा घे, रेघेवरचा घेऊ नकोस.

रोपवाटिकेचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट गाठीला बांध, कुणी विचारलं तर सांगता येईल. पाइनच्या रोपांच्या वाफ्यावर पाइनच्याच सुयांचं आच्छादन घालू नये. मोठ्या पाइनच्या बुडाशीही रोपवाटिका करू नये. सेडिशिओझमचे बीजाणू पडलेल्या सुयांवरून उडतात आणि लागण उन्हाळा सरता सरता व शरदात होते. सुया तांबड्या पडलेल्या मात्र कित्येक महिन्यांनी दिसतात. तेव्हा औषध मारायला धावणं म्हणजे पैसे पाण्यात.

आता तुझ्या पिढीला पटायला जड जाणारी गोष्ट. सुईत बुरशी सापडली म्हणजे सुई आजारी आहे असं नाही. हिरवी, ठणठणीत सुई घे, वरून नीट निर्जंतुक कर, तुकडे करून अगारवर ठेव. काही आठवड्यांत आतून बुरशी बाहेर येईल. लोफोडर्मियमच्या गरीब जाती अशाच हिरव्या सुईत गपचूप राहतात. सुई जितकी जुनी तितकी त्यांची वस्ती दाट. झाड आपणहून ती सुई सोडायला लागलं की त्यांना जाग येते, आणि सुई खाली पडेपर्यंत त्यांनी जागा बळकावलेली असते. सुई पिवळी पडली आणि आत बुरशी सापडली म्हणून बुरशीने पिवळी पाडली, असं लिहिणारे अहवाल मी पुष्कळ तपासले आहेत. चीड दर उन्हाळ्याच्या तोंडाशी ढिगाने सुया गाळतो, तो त्याचा धर्मच आहे.

निर्जंतुक करताना हात चालवायची घाई करू नकोस. आधी नळाखाली स्वच्छ धू, धूळ असेल तर रसायन तिथेच खर्ची पडतं. मग सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये मिनिटभर, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये काही मिनिटं, परत अल्कोहोलमध्ये अर्धा मिनिट, शेवटी निर्जंतुक पाण्यात. अल्कोहोल शंभर टक्के वापरलं की जास्त चांगलं, असं नाही. पाणी मिसळलेलंच बीजाणूंना जास्त लागू पडतं. ब्लीचची बाटली कधी फोडली ते तिच्यावर लिही, उघडी बाटली महिन्या-दोन महिन्यांत ढिली पडते आणि तुला वाटतं बुरशी चिवट आहे. किती मिनिटं ठेवायचं ते चीडच्या सुईवर आधी करून बघ, तिच्यावर मेण असतं. आणि प्रत्येक वेळी धुतलेली सुई एका वेगळ्या अगारच्या प्लेटवर दाबून उचल. त्या ठशावर काही उगवलं तर तुझी सुई वरून निर्जंतुक झालेली नाही, मग त्या दिवशीचं सगळं फेकून दे. ही ठशाची प्लेट टाळायची नाही. मुलं ती टाळतात, कारण ती आपलंच काम खोटं ठरवते.

तुकडे दोन-तीन मिलिमीटरचे कर आणि बुडाकडून टोकाकडे क्रम लाव, बुडाला आणि टोकाला एकच वस्ती नसते. दोन टक्क्यांचं माल्ट अगार पुरतं. मग धीर धर. तिसऱ्या दिवशी जे भराभर पसरतं ते तुझं नाही. तुला हवी ती बुरशी रांगत येते, चार-सहा आठवडेही लागतात. प्लेट टाकून देऊ नकोस आणि रोज झाकण उघडून बघूही नकोस.

लाल पट्ट्यांबद्दल दोनच शब्द. सुईवर आडवे तांबडे-विटकरी पट्टे, टोक मेलेलं आणि बूड हिरवं, असं दिसलं तर डोथिस्ट्रोमा या बुरशीची शंका घे. तो पट्टा डोथिस्ट्रोमिन नावाच्या विषाचा, आणि त्याची रासायनिक घडण आपल्या भुईमुगातल्या अफ्लाटॉक्सिनच्या गोतावळ्यातली आहे. पावसाच्या थेंबांच्या शिंतोड्यांनी ती पसरते. पूर्व आफ्रिकेत तिने रेडिएटा पाइनची लागवड सोडायला लावली, न्यूझीलंडमध्ये १९६० च्या दशकापासून विमानातून तांब्याची औषधं फवारायला लावली, आणि ब्रिटनमध्ये २००७ मध्ये सरकारी जंगलात कॉर्सिकन पाइन लावणंच थांबवलं. एवढी मोठी गुन्हेगार असल्याने प्रत्येकाला आपल्याला ती सापडावी असं वाटतं. तू फोटो काढ, सुया घे, आणि दुसऱ्या जाणत्याने बघितल्याशिवाय तोंड उघडू नकोस. वणव्याच्या झळेनेही सुया तांबड्या होतात. पण त्या खालच्या फांद्यांच्या, बहुतेक एकाच अंगाच्या, आणि अख्ख्या.

आता जमिनीवर बस. खरंच बस, उभ्याने थर दिसत नाहीत.

इंग्लंडात चेशर परगण्यात डेलामेर म्हणून जंगल आहे. तिथल्या स्कॉट्स पाइनच्या सुया पडल्यापासून माती होईपर्यंत कोणाकोणाच्या हातून जातात, ते ब्राइस केंड्रिक आणि अ‍ॅलन बर्जेस यांनी तपासलं. १९६२ मध्ये ते छापून आलं. केंड्रिक तेव्हा विशीतला पोरगा, तुझ्याहून फार मोठा नाही. त्यांना असं दिसलं की सुई सगळ्यात वरच्या सैल थरात साधारण सहा महिने असते, त्याखालच्या थरात दोन वर्षं, आणि त्याच्याही खालच्या दबलेल्या थरात सात. म्हणजे तळहाताएवढ्या जाडीच्या पालापाचोळ्यात जवळजवळ दहा वर्षं एकावर एक रचलेली. वरचे रहिवासी झाडावरूनच आलेले: लोफोडर्मियम, आणि ऑरिओबॅसिडियम ती काळी यीस्टसारखी बुरशी. दुसऱ्या थरात सुई ओलसर, काळपट होते आणि वस्ती बदलते. आत डेस्माझिएरेला शिरते. सुईवर रंध्रांच्या ओळी असतात ना, त्यांतून ती काळ्या ताठ केसांसारखे देठ बाहेर काढते. भिंगाखाली दाढीचे खुंट वाटतात. त्याच सुईच्या बाहेरच्या अंगावर सिंपोडिएला आणि हेलिकोमा, यातली दुसरी गुंडाळलेल्या गोगलगायीच्या आकाराचे बीजाणू करते. एकाच सुईच्या आत एक आणि बाहेर दुसरी. तिसऱ्या थरात अतिसूक्ष्म कोळीवर्गी किडे, माइट, सुई आतून पोखरतात, आणि बुरशीच्या जाळ्याचं चरण करणारे इतर जीवही येतात. पुढे छत्रीवाल्या बुरश्यांचे पांढरे तंतू, आणि तळाशी ट्रायकोडर्मा, पेनिसिलियम अशी मातीतली मंडळी.

हे काम तोंडपाठ कर आणि मग कुमाऊंच्या जंगलात त्याचे थर शोधू नकोस.

तिथे ते नाहीत, किंवा असले तर फाटलेले आहेत. एक तर आग. उत्तराखंडात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याचा वणव्यांचा हंगाम. पिरूल पेटला की वरचे कोरडे थर जातात आणि सुयांचा सगळा इतिहास पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतो. दुसरं, गावकरी पिरूल झाडून नेतात, गुरांच्या खाली अंथरायला, मग तोच खतात जातो. आता जळणाच्या विटा करायला आणि वीज करायलाही नेतात, राज्याने २०१८ मध्ये त्यासाठी धोरण केलं. तिसरं, मोसमी पाऊस. डेलामेरला बारमाही रिमझिम आणि गारवा. इथे आठ महिने बहुतांशी कोरडं आणि मग चार महिने धो-धो. बुरशीचं कामकाज त्या चार महिन्यांत दाटून भरलेलं असतं. म्हणून जागा निवडण्याआधी गावात जाऊन बस, चहा घे आणि विचार: या उतारावर शेवटची आग कधी लागली? इथला पिरूल कोण नेतं, कोणत्या महिन्यात? हे तुझ्या वहीत पहिल्या पानावर हवं. माझ्या मते या विषयात भारतीय विद्यार्थ्याला खरं नवं काही सापडायचं असेल तर ते इथेच आहे, जळलेल्या आणि न जळलेल्या दोन शेजारच्या उतारांवर. नव्या जातीच्या मागे लागणाऱ्यांना लागू दे.

सुया धुवायच्या कशा ते सांगते, कारण थरांचं काम यावर उभं आहे. सुईवर सापडलेली प्रत्येक बुरशी तिथली रहिवासी नसते. एसटी स्टँडवर उभा असलेला प्रत्येक माणूस काय त्या गावचा असतो? वाऱ्याने आलेले, पावसाने टाकलेले बीजाणू नुसते बसलेले असतात. त्यांना हाकलायचं आणि तंतू रोवून राहिलेल्यांना ठेवायचं. हार्ली आणि वेड यांनी १९५५ मध्ये मुळांसाठी पद्धत बसवली, तीच सुयांना चालते: निर्जंतुक पाणी घालायचं, मिनिट-दोन मिनिटं जोराने हलवायचं, पाणी ओतायचं, पुन्हा नवं पाणी. असं वीसेक वेळा. मधूनमधून ओतलेल्या पाण्याचे थेंब अगारवर टाकून बघायचं, वसाहती कमी कमी होत थांबल्या की धुणं पुरे. हात भरून येतात. भावाला लाव कामाला.

ज्या बुरश्या अगारवर यायलाच तयार नसतात त्यांना ओल्या पेटीत घाल. पेट्री प्लेट, तळाशी ओला गाळणकागद, त्यावर दोन काचेच्या काड्या आणि काड्यांवर सुया. सुई पाण्यात बुडता कामा नये. पहिल्या आठवड्यात केसाळ, घाईचं जे येतं ते नोंद आणि विसर. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात खरी मंडळी डोकं वर काढतात.

स्लाइड करताना पहिली नेहमी साध्या पाण्यात कर. सगळे सवयीने लॅक्टोफेनॉल आणि कॉटन ब्लूकडे हात नेतात. त्याने रंग छान येतो, पण लोफोडर्मियमच्या बीजाणूभोवती जो बुळबुळीत वेष्टणाचा थर असतो तो हातचा जातो. पाण्यात दिसतो, आणि पाण्यात काळ्या शाईचा थेंब सोडलास तर आणखी उठून दिसतो. फिनॉलने कातडी भाजते, त्यामुळे नुसतं लॅक्टिक अ‍ॅसिड आणि कॉटन ब्लू वापर. आडवा छेद घ्यायला महागडं यंत्र लागत नाही. भिजलेली सुई गाजराच्या चिरेत धर आणि नव्या पात्याने काप. पन्नास काप वाया जातील, एक चांगला येईल, आणि ठिपका सालीखाली पूर्ण दडलाय की अर्धा ते त्या एकात कळेल.

डीएनए करू नको असं म्हणायला मी काही इतकी म्हातारी झाले नाही. कर. पण आयटीएस हा ओळखीसाठी वापरतात तो डीएनएचा तुकडा फक्त कोण आहे ते सांगतो. जिवंत आहे का, तंतू रोवलेत का, नुसता बीजाणू पडलाय का, यातलं काही तो सांगत नाही. शिवाय तू ज्या साठ्याशी तुझा क्रम ताडून बघणार, त्यात कुणीतरी नाव चुकीचं घातलेलं असू शकतं. ज्या नमुन्यातून डीएनए काढलास त्याच सुईचा उरलेला तुकडा, ठिपक्यासकट, पाकिटात राहिलाच पाहिजे. नावांचंही एक लक्षात ठेव. पूर्वी एकाच बुरशीला दोन नावं चालत, एक लैंगिक अवस्थेचं आणि एक अलैंगिक अवस्थेचं. २०११ च्या मेलबर्नच्या परिषदेत ते बंद झालं आणि २०१३ पासून एक बुरशी, एक नाव. त्यामुळे जुन्या लेखात व्हर्टिसिक्लॅडियम ट्रायफिडम दिसलं तर घाबरू नकोस, ती तुझी डेस्माझिएरेलाच. वाळल्या सुईवर वसंतात तिच्या काळ्या केसांच्या वाट्या दिसतात. बेल्जियममधल्या मारी-आन लिबेर या बाईने त्या १८२९ मध्येच वर्णन केल्या होत्या. बटाट्याच्या करप्याची नोंद करणाऱ्या पहिल्या काही लोकांतही तीच. तिचं नाव मुलांना शिकवत नाहीत, मी शिकवायचे.

नमुने कुठे ठेवायचे? पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत आजरेकरांच्या नावाचा बुरशींचा संग्रह आहे, जिवंत बुरशींचा राष्ट्रीय साठाही तिथेच. वाळलेल्या सुयांचं एक पाकीट तिथे, एक तुझ्या विभागात. जमा केल्याचा क्रमांक मिळाल्याशिवाय लेख पाठवू नकोस. बाहेरच्या देशातला कुणी गोड मेल पाठवील, ‘थोड्या सुया पाठवता का’. लगेच पाठवायच्या नाहीत. २००२ चा जैवविविधता कायदा आहे, परवानगी लागते, ते गाइडला विचार. जंगलात शिरायचा वनखात्याचा कागद तर हातात घेऊनच गाडीत बस.

शेवटचं, माइट. सुया पोखरणारे जे बारीक जीव सांगितले, ते आणि त्यांचे भाऊबंद पाकिटातून तुझ्या खोलीत येतील. एकदा कल्चरच्या प्लेटांत शिरले की एका प्लेटवरून दुसरीवर चालत जातात, पायाला बीजाणू लावून, आणि पंधरा दिवसांत सगळ्या प्लेटांत सगळ्या बुरश्या. म्हणून जंगलातून आलेलं पाकीट कल्चरच्या खोलीत उघडायचं नाही, दुसऱ्या टेबलावर उघडायचं. जतन करायची वाळलेली पाकिटं उणे वीस अंशांच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेवून मग कपाटात लावायची. ज्यातून बुरशी वाढवायची आहे ती मात्र फ्रीजरमध्ये नाही. प्लेटांच्या कडा पॅराफिल्मने बंद कर. आणि अगारवर नागमोडी वाटेने वसाहतींची रांग उगवलेली दिसली, तर ती नवी बुरशी नसून माइटचा रस्ता असतो. ती प्लेट न उघडता ऑटोक्लेव्हमध्ये घाल आणि शेजारच्या चारही तपास.